आटलेलं ब्लँकेट आणि चार घरं

आमच्या बेळगावकडे 'आटणे' हा शब्द दोन गोष्टींना हमखास लागतो. दुधाला आणि लोकरीला. दूध आटलं की घर खूश, स्वेटर आटला की घरात आरडाओरड. पण लोकर मुद्दाम आटवायचीही एक रीत होती, आणि आमच्या आजीच्या पिढीतल्या बऱ्याच बायकांना ती येत होती, हे सांगितलं तर पुण्याची भाचरं माझ्याकडे बघत बसतात. जुनं, विरलेलं, कसर लागलेलं लोकरी ब्लँकेट कडकडीत पाण्यात घालून, तुडवून, आटवून त्याचा जाड नमदा करायचा आणि मग त्यातून हवं ते कापून शिवायचं. त्याची ही हकिगत. त्यात आमच्या घरातलं एक भांडणही आहे, ते गाळून सांगता येत नाही.

आधी घरात लोकर कुठकुठनं यायची ते सांगते.

पहिलं अर्थातच घोंगडं. पेरणीआधी धनगर मेंढरं घेऊन यायचे, आमच्या शेतात चार-पाच रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात त्यांना ज्वारी द्यायची. दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ. धनगरणी ती चालता चालता हातानं कातायच्या, आणि सनगर लोक खड्ड्याच्या मागावर विणायचे. आमच्याकडचे कुरुबर तेच काम करतात, ते कानडीत त्याला कंबळी म्हणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळं नवं घोंगडं पाठीला टोचतं आणि उभं केलं तर उभं राहील असं वाटतं. पावसात त्याचीच खोळ करून डोक्यावर घ्यायची. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना खोळीचं महत्त्व सांगायला नको.

घोंगडं मात्र आजी कधी आटवायची नाही. त्याची लोकर राठ, केसाळ, आटवून मऊ कापड हाती येत नाही असं ती म्हणायची. त्या लोकरीचा नमदा करायचा तर न कातलेल्या लोकरीचाच, आणि ते काम पिंजाऱ्याचं. तो धुनकीनं लोकर पिंजायचा, थरावर थर पसरायचा, साबणाचं पाणी शिंपडून गुंडाळायचा आणि ती वळकटी पायाखाली तास न् तास लाटायचा. माग नाही, धागा नाही, तरी कापड तयार. आमच्याकडे कुणी त्याला जेन म्हणत, कुणी बुरणूस. माझ्या पणजीच्या माजघरात असा एक बुरणूस होता, त्यावर बसूनच ती जात्याचं पीठ चाळायची.

दुसरी लोकर सोवळ्याची. आम्ही मराठ्यांच्या घरातले, आमच्यात ते एवढं कडक नव्हतं, पण शेजारच्या वाड्यातल्या काकू धाबळी नेसून स्वयंपाक करायच्या. लोकर आणि रेशीम सोवळ्याला चालतं, सुती रोज धुवावं लागतं, हा तो हिशेब. धाबळी रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हातानं धुवायची, पिळायची नाही, हा काकूंचा दंडक होता. त्यामागं शास्त्र होतं. त्यांना ते शास्त्र म्हणून माहीत नसेल, पण धाबळी आटली तर नेसायला पुरणार नाही हे पक्कं माहीत होतं. विरलेल्या धाबळीचं पुढं देवापुढचं आसन व्हायचं.

तिसरी गिरणीची ब्लँकेटं. 'लाल इमली' आणि 'धारीवाल' ही नावं ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मंडळींना आमच्यापेक्षा जास्त जवळची असतील, कारण तिकडं थंडी खरी. कानपूरची लाल इमली गिरणी १८७६ची, पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातली धारीवालची १८८०ची. लष्कराला कापड आणि ब्लँकेटं पुरवणं हेच त्यांचं मोठं काम. १९२० साली दोन्ही ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशनखाली आल्या, १९८१ साली सरकारनं त्या ताब्यात घेतल्या. आमच्याकडे लग्नात जावयाला लाल इमलीचं ब्लँकेट देणं म्हणजे मोठी गोष्ट. तसं एक घरात होतं, पण ते ट्रंकेतच जास्त असायचं.

आणि चौथी लोकर लष्कराची. बेळगाव म्हणजे कँप. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं १९२२पासून आहे. रिटायर झालेल्या शिपायाच्या वळकटीतनं, स्टोअरच्या लिलावातनं, कँपातल्या जुन्या मालाच्या दुकानातनं करडी ब्लँकेटं गावात पसरली होती. रंग उंदरासारखा, वास ओल्या कुत्र्यासारखा, पण ऊब अशी की काय सांगू. आमच्या घरातलं असं ब्लँकेट नानांचं होतं.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतनं इटलीला गेले होते. तिथली लढाई आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या खोऱ्यात पडले, नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन परत आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दोन तारखांच्या मधला हिवाळा आपल्या पोरांनी अॅपेनाइन डोंगरात, चिखलात आणि बर्फात काढला. नाना त्याबद्दल एवढंच म्हणायचे, "थंडी होती." बस्. १९४६ साली परत आले ते एक पत्र्याची ट्रंक आणि एक ब्लँकेट घेऊन. लग्न केलं नाही. माडीवरच्या खोलीत राहिले, १९६९ साली गेले.

ब्लँकेटच्या एका कोपऱ्यावर काळ्या शाईत शिक्का होता. बाणाची खूण, खाली काही आकडे, काही इंग्रजी अक्षरं. लहानपणी आम्ही त्यावरनं बोट फिरवायचो. तो शिक्का लक्षात ठेवा, भांडण त्यावरनंच झालं.

नाना गेल्यावर पाच वर्षं ते ब्लँकेट ट्रंकेत होतं. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालूनही त्याला कसर लागली. १९७४च्या उन्हाळ्यात वाटणीसाठी सगळे जमले. थोरले म्हणून माझे बाबा बेळगावात राहणारे, काका नोकरीनं बडोद्याला, धाकटे काका फोंड्याला, आत्या इंदूरला दिलेली. जमिनीचं तलाठ्याकडं झालं, तांब्या-पितळेचं तराजूवर झालं. ट्रंक उघडली तर वर ब्लँकेट, आणि झटकल्याबरोबर त्यातनं भुस्कट पडलं. सगळ्यांना ते हवं होतं आणि कुणालाच फाटकं नको होतं.

आत्या म्हणाली, "मला द्या, मी रफू करून घेते." काका म्हणाले, "एवढं कुठं रफू करत बसणार? चौघांत कापा." त्यावर बाबा उसळले. विणलेलं ब्लँकेट कापलं की कडेनं उसवत जातं, दोन वर्षांत चारही तुकड्यांची सुतं होतील, हे त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबरच होतं. आजी तेवढ्यात न्हाणीघराकडं बघून म्हणाली, "उसवणार नाही असं करते की मी. बंब पेटवा."

आता आटणं म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. लोकरीचा केस आपल्या केसासारखाच, पण त्यावर माशासारखे बारीक खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेनं झुकलेले. गरम पाण्यानं केस फुगतो, खवले उघडतात. साबण किंवा सोड्यासारख्या खारट पाण्यानं ते आणखी उघडतात आणि केस निसरडे होतात. मग वरनं तुडवलं, चोळलं की प्रत्येक केस मुळाच्या दिशेनं पुढं सरकतो, मागं मात्र येऊ शकत नाही, खवले अडवतात. असे लाखो केस एकमेकांत शिरत जातात आणि कापड जागच्या जागी दाट होतं. नुसत्या गरम पाण्यानं फारसं काही होत नाही, रगडणं लागतं. रिठा सौम्य, त्यात सोड्याचा खार नाही, म्हणून काकूंची धाबळी वाचायची. धुण्याच्या पिवळ्या पावडरीत खार जोरदार, म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकात घरोघरी स्वेटर आटले. सुताला, रेशमाला असले खवले नाहीत, म्हणून ती कितीही तुडवा, त्यांचा नमदा होणार नाही.

आजीनं ब्लँकेट आधी उन्हात झटकून काढलं. दगडी हौदाशेजारच्या मोठ्या घमेल्यात बंबाचं पाणी, हात घालवणार नाही एवढं गरम. त्यात ५०१चा बार किसून टाकला आणि मूठभर धुण्याचा सोडा. आम्हा पोरांना पाय घासून धुवायला लावले आणि पाणी पाय सोसेल इतकं झालं तसं आत उभं केलं. उसाच्या चरकाभोवती बैल फिरतात तसे आम्ही गोल गोल तुडवत होतो. आत्या वरनं गरम पाणी ओतत होती. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच कळत नाही, पायाखाली नुसतं ओलं कापड. मग एकदम ते जड, रबरासारखं लागायला लागतं. आजी मधूनमधून कड वर काढून चिमटीत धरायची. विणीतला धागा वेगळा दिसतोय तोवर "अजून" म्हणायची. दर खेपेला ब्लँकेट फिरवून, दिशा बदलून आत टाकायची, नाहीतर एकाच अंगानं आटतं. तरीही रुंदीला जास्त आटलं, कारण ब्लँकेटचा आडवा धागा सैल कातलेला असतो, त्याला हलायला जागा असते.

तीन पाणी झाली. मग गार पाण्यात खळबळून, थोडा व्हिनेगर टाकून (तो कँपातल्या बेकरीतनं आणला होता) साबण पार काढला. साबण राहिला तर लोकर पुढं ठिसूळ होते. पिळायचं नाही. दोन चादरींमध्ये गुंडाळून वर पोरांना बसवायचं. गच्चीवर गोणपाटावर आडवं पसरून, कडा हातानं ओढून चौकोनी करून सावलीत वाळवलं. ओलं असतानाच काथ्याच्या कुंचल्यानं एका दिशेनं लव बसवली.

आधी सात फूट बाय पाच होतं. वाळल्यावर आजीनं शिवणाच्या टेपनं मोजलं, सव्वापाच फूट बाय साडेतीन. कसरीची बारीक भोकं मिटली होती, मोठी दोन राहिली. विणीचा मागमूस नाही, सगळीकडं सारखा करडा, बोटभर नाही पण चांगला जाड पोत. कात्री चालवली तर कड स्वच्छ, एक धागा सुटला नाही.

आणि शिक्का नाहीसा झाला होता. शाई पुसली गेली नव्हती, ती लव्याच्या आत कुठंतरी पसरली होती. कोपऱ्यात एक काळपट ढग तेवढा. आकडा नाही, अक्षर नाही.

बाबा आठ दिवस आजीशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. नानांच्या सात वर्षांच्या नोकरीचा लिहिलेला पुरावा घरात तेवढाच होता. कागद पावसाळ्यात भिजून गेलेले. नाना तर बोलायचे नाहीत. तो कोपरा आधी कापून घेतला असता तर काय बिघडलं असतं? आजी म्हणाली, "बिघडलं काहीच नसतं, पण मला सुचलं नाही. आणि कसरीनं तो कोपरा पुढच्या पावसाळ्यात खाल्लाच असता." आत्या आजीच्या बाजूनं, काका बाबांच्या. धाकटे काका जेवायला बसले.

मला विचाराल तर मी आजीच्या बाजूची आहे. ब्लँकेट राहिलं नसतं तर शिक्काही राहिला नसता. पण आज नातू विचारतो, नाना कुठल्या बटालियनमध्ये होते, तिबरवर होते की सेनिओवर, आणि मला सांगता येत नाही, तेव्हा बाबांची आठवण येते. म्हणून सांगते, तुमच्या घरात असं ब्लँकेट असेल तर पाण्यात घालण्याआधी शिक्क्याचा फोटो काढा, आकडा वहीत उतरवा, आणि जमल्यास तो कोपराच वेगळा करून शिवून ठेवा.

चार सारखे तुकडे झाले. प्रत्येकी साधारण एकतीस इंच बाय एकवीस.

इंदूरच्या आत्यानं त्यातनं चहाच्या किटलीचा टोपा शिवला आणि उरलेल्याच्या दोन कानटोप्या. इंदूरची जानेवारीतली सकाळ सोसायची म्हणजे टोपी हवीच. बडोद्याच्या काकूंना त्याच वर्षी मुलगी झाली. त्यांनी तुकडा बाळाच्या दुपट्याखाली घातला. दाट लोकर ओल पिते आणि वरनं कोरडी लागते, रबराच्या कापडासारखी अंगाला घाम आणत नाही. बाळ मोठं झाल्यावर तोच तुकडा इस्त्रीखाली गेला. पुढं काकूंनी चिठ्ठीत लिहिलं होतं, इस्त्री कितीही तापली तरी लोकर पेट घेत नाही, नुसती करपल्याचा वास येतो. फोंड्याला मात्र दमट हवा. धाकट्या काकांनी तुकडा नानांची आठवण म्हणून तसाच पेटीत ठेवला, न कापता, न वापरता. तिसऱ्या पावसाळ्यात त्याला बुरशी आणि कसर दोन्ही लागली. वापरातली लोकर झटकली जाते, तिला ऊन लागतं, म्हणून ती टिकते. ठेवलेली टिकत नाही.

आमचा तुकडा वेगळ्याच ठिकाणी गेला. बेळगाव म्हणजे पेटीचं गाव, पंडित रामभाऊ विजापुरे इथलेच. बाबा हौसेनं पेटी वाजवायचे. पेटीच्या पट्ट्यांखाली नमद्याची पट्टी असते, ती झिजली की पट्टी खाली बसताना लाकडावर आपटून टकटक वाजते. दुरुस्तीवाल्यानं बाबांना सांगितलं, बाजारात चांगला फेल्ट मिळत नाही, जुनी लोकर असेल तर बघा. बाबांनी बराच वेळ विचार केला म्हणे. मग स्वतःच कात्री घेऊन अर्ध्या इंचाच्या पट्ट्या कापल्या. काळपट ढगाचा कोपरा तेवढा बाजूला ठेवला. त्याचं आजीनं सुईदोऱ्याची घडी करून दिलं. लोकरीत खोचलेल्या सुया सहसा गंजत नाहीत, मेंढीच्या लोकरीतला चिकटपणा त्याला कारण असावा असं आजी म्हणायची. आमच्या सुया तरी गंजल्या नाहीत.

आता कुणाला करून बघायचं असेल तर. आधी लोकर खरी आहे का ते पाहा. कडेचं सूत काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळाल्याचा वास आला आणि राख चिमटीत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक, ते कितीही तुडवा, आटणार नाही. पानिपतची स्वस्त ब्लँकेटं जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पुन्हा पिंजून, कातून केलेली असतात. ही युक्ती इंग्लंडातल्या बॅटली गावची, १८१३च्या सुमाराची. पानिपतच्या मालात बहुतेक वेळा कृत्रिम धागा मिसळलेला असतो, त्यामुळं तो अर्धवट आटतो आणि गाठी येतात. हल्ली 'मशीनमध्ये धुता येईल' असं लिहिलेली लोकर मिळते, तिचे खवले रसायनानं घालवून वरनं लेप दिलेला असतो, ती आटतच नाही.

पाय तुडवायला नसतील तर वॉशिंग मशीन चालतं. गरम पाण्याचं सायकल, थोडा साबण, सोबत दोन-तीन जुन्या जीन्स रगडायला. ब्लँकेट उशीच्या अभ्यात घाला, नाहीतर सुटलेली लव जाळीत बसते. अर्ध्या वेळात थांबवून बघा, कारण आटलेलं परत मोठं होत नाही. शिवताना मशीनला १८ नंबरची सुई, लांब टाका, पायाचा दाब कमी. कड दुमडू नका, जाड गोळा होतो. दोन कडा एकावर एक ठेवून शिवा किंवा हातानं काजटाका घाला. खूण साबणाच्या चिपेनं करा, वाफेनं निघून जाते.

दख्खनी लोकरीचं पुढं काय होतंय ते वेगळंच दुखणं. लोकरीला भाव नाही, कातरणीचे पैसे उलट धनगरालाच द्यावे लागतात, म्हणून कळपात माडग्याळ किंवा नेल्लोरचा नर सोडतात. मांस वाढतं, लोकर जाते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत अजून चांगलं घोंगडं मिळतं, मी दोन आणली आहेत. ती अर्थात आटवणार नाही.

इंदूरच्या आत्याचा किटलीचा टोपा आता तिच्या सुनेकडं आहे, रोज वापरात. बडोद्याचा इस्त्रीचा तुकडा मध्ये करपून गोल भोक पडलंय, पण टाकलेला नाही. ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या मंडळींनी सांगा, तुमच्याकडे याला काय म्हणतात? नमदा, बुरणूस, जेन की आणखी काही? आणि कुणाच्या घरी बाणाच्या शिक्क्याचं ब्लँकेट शिल्लक असेल तर त्यावर अक्षरं कुठली आहेत तेवढं कळवा. आमच्या शिक्क्यात शेवटी एक 'एम' होता, एवढंच मला आणि आत्याला दोघींना आठवतंय.